जालपृष्ठाचे शीर्षक व वर्णन : शोधसुलभतेच्या दृष्टीने विचार

विद्यापीठांतील विभाग, संशोधनसंस्था व ग्रंथालये ह्यांनी आपले साहित्य महाजालावर ठेवावयास आरंभ करून आता बराच काळ लोटला आहे. प्रबंध, संशोधनपत्रिकांचे जुने अंक, हस्तलिखितांच्या सूची, कोशांतील नोंदी असे पुष्कळ मराठी साहित्य आज कोणालाही घरबसल्या वाचता येण्याजोगे आहे. तथापि एखादे साहित्य महाजालावर असणे आणि ते शोधणाऱ्यास सापडणे ह्या दोन भिन्न गोष्टी होत. पदव्युत्तर विद्यार्थी शोधयंत्रात आपल्या विषयाचे तीन-चार शब्द घालतो, समोर आलेल्या पहिल्या दहा-पंधरा नोंदी चाळतो, आणि त्यांत काही न मिळाल्यास 'ह्या विषयावर मराठीत काम झालेले नाही' असे विधान आपल्या प्रबंधाच्या पूर्वसंशोधनविषयक प्रकरणात करून मोकळा होतो. वास्तविक ते काम झालेले असते व महाजालावर ठेविलेलेही असते. परंतु ज्या पृष्ठावर ते आहे त्या पृष्ठाने आपले नाव नीट सांगितलेले नसते. परिणामी तेच संशोधन पुन्हा केले जाते आणि पूर्वीच्या अभ्यासकास त्याचे श्रेय मिळत नाही. जालपृष्ठाचे शीर्षक व वर्णन हा विषय सामान्यतः व्यापारी संस्थांच्या चिंतेचा मानला जातो. ज्ञानव्यवहाराशी त्याचा किती निकटचा संबंध आहे आणि मराठी मजकुराच्या बाबतीत त्यात कोणत्या विशेष अडचणी उद्‌भवतात, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

१. शीर्षकाचे स्वरूप

प्रत्येक जालपृष्ठास वस्तुतः दोन शीर्षके असतात. एक, पृष्ठ उघडल्यावर मजकुराच्या माथ्यावर मोठ्या अक्षरांत दिसणारे. आणि दुसरे, पृष्ठाच्या संकेतलेखनात 'टायटल' ह्या खुणेमध्ये लिहिलेले. दुसरे शीर्षक पृष्ठाच्या अंगावर कोठेही दिसत नाही. ते ब्राउझरच्या माथ्यावरील पट्टीत दिसते, वाचकाने पृष्ठाची खूण जतन केल्यास त्या खुणेचे नाव म्हणून दिसते आणि शोधयंत्राने दाखविलेल्या यादीत बहुधा ठळक ओळ म्हणून दिसते. ह्या तिन्ही ठिकाणी पृष्ठाचा मजकूर वाचकासमोर नसतो, ही गोष्ट विशेष ध्यानात ठेविली पाहिजे.

जालपृष्ठांच्या लेखनासाठी वापरल्या जाणाऱ्या एचटीएमएल ह्या संकेतभाषेचे दुसरे प्रमाणलेखन नोव्हेंबर १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. टिम बर्नर्स-ली व डॅन कॉनली हे त्याचे कर्ते. त्यात शीर्षक हा प्रत्येक पृष्ठाचा अनिवार्य घटक मानलेला असून, शीर्षकाने पृष्ठाच्या आशयाची ओळख साऱ्या जगाच्या संदर्भात पटविली पाहिजे, अशी अपेक्षा व्यक्त केलेली आहे. केवळ 'प्रस्तावना' एवढेच शीर्षक संदर्भाबाहेर निरर्थक ठरते. कशाची प्रस्तावना ते त्यात यावे, असेही तेथे सुचविलेले आहे. लांब शीर्षके काही ठिकाणी तोडली जाण्याचा संभव असल्याने ती ६४ वर्णांहून कमी असावीत, असा सल्लाही त्यात आहे. पुढील सुमारे तीस वर्षांत शोधयंत्रांच्या कार्यपद्धतीत आमूलाग्र पालट झाला. परंतु शीर्षकाविषयीचा हा मूळ विचार अद्यापि तितकाच खरा आहे.

ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासकांस ह्यात नवे काही वाटणार नाही. डॉ. शि. रा. रंगनाथन ह्यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच नियमांपैकी 'प्रत्येक ग्रंथास त्याचा वाचक' हा तिसरा, आणि 'वाचकाचा वेळ वाचवा' हा चौथा. ग्रंथालयात हे काम सूचिकार करीत असे. शं. ग. दाते ह्यांच्या ग्रंथसूचीसारख्या कामात एका व्यक्तीची चिकाटी हजारो ग्रंथांना वाचकाच्या वाटेवर आणून ठेवीत असे. महाजालावर असा सूचिकार नाही. तेथे नोंद घेणारे यंत्र आहे, आणि ते यंत्र पृष्ठ स्वतःविषयी जे सांगेल त्यावर बव्हंशी विसंबून असते. म्हणून पृष्ठ प्रसिद्ध करणाऱ्यावर आता लेखकाबरोबरच सूचिकाराचीही जबाबदारी येऊन पडली आहे.

२. शीर्षकातील शब्दांस अधिक वजन का

शीर्षकावरून साहित्य शोधण्याची यांत्रिक पद्धती महाजालाहून जुनी आहे. हान्स पीटर लून ह्या संशोधकाने १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस 'संदर्भासह सूचकशब्द' ह्या प्रकारची निर्देशसूची विकसित केली. तीत लेखाच्या शीर्षकातील प्रत्येक अर्थपूर्ण शब्द आळीपाळीने वर्णक्रमात आणून त्याच्या दोन्ही बाजूंस शीर्षकाचा उरलेला भाग छापीत. रसायनशास्त्रातील लेखांच्या सूचीसाठी ह्या पद्धतीचा लवकरच उपयोग होऊ लागला. ह्या पद्धतीची मर्यादा उघड होती : जो शब्द शीर्षकात नाही, त्या शब्दाखाली लेख सापडणे शक्य नव्हते. आलंकारिक अथवा मोघम शीर्षक देणारा लेखक सूचीतून जवळजवळ नाहीसाच होई.

आजचे शोधयंत्र पृष्ठाचा संपूर्ण मजकूर वाचते, त्यामुळे ही मर्यादा तितकी कठोर राहिलेली नाही. तरीही शीर्षकाचे महत्त्व टिकून आहे. त्याची कारणे दोन. पहिले कारण शब्दांच्या विरळपणाशी संबंधित आहे. कॅरेन स्पार्क जोन्स ह्यांनी १९७२ साली असे दाखवून दिले की, संग्रहातील फार थोड्या लेखांत आढळणारा शब्द हा सर्वत्र आढळणाऱ्या शब्दापेक्षा शोधाच्या दृष्टीने अधिक मोलाचा असतो. 'अभ्यास', 'संशोधन', 'स्वरूप', 'चिकित्सा' हे शब्द आपल्याकडील असंख्य शीर्षकांत येतात. म्हणून एका लेखास दुसऱ्यापासून वेगळे करण्यास ते फारसे उपयोगी पडत नाहीत. उलटपक्षी गावाचे नाव, ग्रंथाचे नाव, कालखंड किंवा विशिष्ट संज्ञा हे शब्द लेखाची नेमकी ओळख पटवितात.

दुसरे कारण असे की, पृष्ठाच्या निरनिराळ्या भागांना निरनिराळे वजन देण्याची रीत शोधशास्त्रात रूढ आहे. सर्गी ब्रिन व लॅरी पेज ह्यांनी १९९८ साली आपल्या नव्या शोधयंत्राचे वर्णन करणारा जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात सुमारे २ कोटी ४० लक्ष पृष्ठांच्या संग्रहाचा उल्लेख आहे. शब्द शीर्षकात आला, दुव्याच्या मजकुरात आला की साध्या मजकुरात आला, ह्याची नोंद ते यंत्र वेगवेगळी ठेवीत असे. केवळ शीर्षकांपुरता मर्यादित शोधदेखील, पृष्ठांच्या प्रतिष्ठेचे गणित त्यास जोडले असता, लोकप्रिय विषयांच्या बाबतीत उत्तम फळ देतो, असे त्या निबंधात नमूद आहे. मात्र शीर्षकात एकच शब्द चार वेळा घातला म्हणजे त्याचे वजन चौपट होते, अशी समजूत करून घेऊ नये. पुनरावृत्तीचा लाभ झपाट्याने घटत जाईल अशीच ह्या गणितांची रचना असते, आणि उघड भरताड असलेले शीर्षक यंत्र संशयास्पद मानते.

शीर्षक सदोष असल्यास शोधयंत्र ते जसेच्या तसे दाखवीलच, असेही नाही. गूगलने ऑगस्ट २०२१ पासून शीर्षके ठरविण्याची नवी पद्धती अंमलात आणली. पृष्ठकर्त्याने दिलेले शीर्षक सुमारे ८७ टक्के प्रसंगी वापरले जाते, असे त्या कंपनीने पुढील महिन्यात सांगितले. उरलेल्या प्रसंगी यंत्र पृष्ठावरील मथळा किंवा अन्य मजकूर घेऊन आपले शीर्षक बनविते. अर्धवट शीर्षके, जुन्या वर्षाचा उल्लेख तसाच राहिलेली शीर्षके आणि संकेतस्थळाच्या सर्व पृष्ठांवर सारखीच असलेली शीर्षके, ही ह्या बदलामागील कारणे होत. आपल्या लेखाचे नाव यंत्राने ठेवावे अशी ज्याची इच्छा नसेल, त्याने ते स्वतः नीट ठेविले पाहिजे.

३. वर्णनाचे कार्य

शीर्षकाखेरीज पृष्ठाच्या संकेतलेखनात 'मेटा' ह्या खुणेने एक छोटे वर्णन देता येते. ह्याच खुणेने पूर्वी सूचकशब्दांची यादीही देत असत. १९९५ च्या सुमारास उदयास आलेल्या शोधयंत्रांपैकी काही त्या यादीवर विश्वास ठेवीत; पण लवकरच पृष्ठाशी काडीचाही संबंध नसलेले लोकप्रिय शब्द तीत कोंबण्याचा प्रघात पडला. जी गोष्ट वाचकाला दिसत नाही ती खोटी लिहिण्यास संकोच वाटत नाही, हेच त्यावरून सिद्ध झाले. क्रमवारीसाठी आपण सूचकशब्दांची यादी मुळीच विचारात घेत नाही, असे गूगलने सप्टेंबर २००९ मध्ये जाहीर केले. त्याच वेळी, वर्णनाचा उपयोग यादीतील उताऱ्यासाठी कधीकधी होत असला तरी क्रमवारीसाठी होत नाही, असाही खुलासा करण्यात आला.

मग वर्णन लिहिण्याचे प्रयोजन काय ? प्रयोजन वाचकाच्या निवडीशी निगडित आहे. यादीत पाच नोंदी एकाखाली एक दिसत असता वाचक त्यांतील कोणती उघडील, हे शीर्षकाखालच्या दोन ओळींवर बरेच अवलंबून असते. म्हणून वर्णन हे यंत्रासाठी लिहावयाचे नसून माणसासाठी लिहावयाचे असते. संशोधनपर लेखाच्या वर्णनात चार गोष्टी याव्यात : प्रश्न कोणता, साधने कोणती, काळ व प्रदेश कोणता, आणि निष्कर्षाची दिशा कोणती. 'प्रस्तुत लेखात लेखकाने अत्यंत मौलिक विचार मांडले आहेत' हे वर्णन नव्हे. त्यातून वाचकास काहीच कळत नाही.

वर्णनाची लांबी किती असावी ह्याला पक्का नियम नाही. गूगलने डिसेंबर २०१७ मध्ये हे उतारे पुष्कळ लांबविले आणि मे २०१८ मध्ये पुन्हा आखूड केले. शिवाय संगणकाच्या पडद्यावर जेवढा मजकूर मावतो तेवढा भ्रमणध्वनीवर मावेलच असे नाही. तेव्हा महत्त्वाची गोष्ट पहिल्याच वाक्यात सांगून टाकणे हाच सुरक्षित मार्ग होय. वाचकाच्या प्रश्नाशी अधिक जुळणारे वाक्य लेखात सापडल्यास यंत्र दिलेले वर्णन बाजूस ठेवून तेच वाक्य दाखविते. ह्यावरून असे निष्पन्न होते की, लेखाचा पहिला परिच्छेददेखील विषयाचे नाव स्पष्टपणे घेणारा असावा.

४. मराठीच्या विशेष अडचणी

येथवर सांगितलेली तत्त्वे कोणत्याही भाषेस लागू पडतात. मराठी मजकुराच्या बाबतीत मात्र काही निराळे प्रश्न निर्माण होतात आणि त्यांचा विचार आपल्याखेरीज दुसरे कोणी करणार नाही.

पहिला प्रश्न जुन्या टंकांचा. देवनागरी लिपीचा युनिकोडमध्ये १९९१ साली समावेश झाला. परंतु त्यानंतरही दीर्घकाळ मराठी मजकूर रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकृती बसविलेल्या टंकांत लिहिला जात होता. असा मजकूर त्या टंकामुळे डोळ्यांना मराठी दिसे, पण यंत्राच्या लेखी तो रोमन अक्षरांचा अर्थहीन समूह असे. शीर्षकाची गोष्ट त्याहूनही बिकट होती. ब्राउझरच्या पट्टीत पृष्ठाचा टंक लागू होत नसल्यामुळे तेथे मराठी शीर्षक डोळ्यांनाही वाचता येत नसे. म्हणून मजकूर मराठीत व शीर्षक मात्र इंग्रजीत अशी सोय पत्करावी लागे. अडचण दूर झाली तरी सवय उरली आहे, आणि मराठीत शोधणाऱ्यास इंग्रजी शीर्षकाची मराठी पृष्ठे आजही सहजी भेटत नाहीत.

दुसरा प्रश्न विभक्तीचा. मराठीत प्रत्यय लागताना शब्दाचे मूळ रूप पालटते. 'ओवी'चे 'ओव्यांमधील' होते, 'पाणी'चे 'पाण्याचा' होते, 'वारा'चे 'वाऱ्यावर' होते. शोधणारा मनुष्य बहुधा मूळ रूप घालतो. विभक्तिरूपांवरून मूळ शब्द ओळखण्याची यंत्रांची शक्ती वाढत असली तरी तिच्यावर सर्वस्वी विसंबणे इष्ट नाही. 'दुष्काळामुळे झालेल्या स्थलांतराचा अभ्यास' ह्यापेक्षा 'दुष्काळ आणि स्थलांतर' हे शीर्षक अधिक सुलभ, कारण त्यात दोन्ही शब्द आपल्या मूळ रूपात उभे आहेत.

तिसरा प्रश्न लेखनभेदांचा. १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांपूर्वीच्या ग्रंथांत 'इत्यादि', 'परंतु त्यांत' अशी रूपे आढळतात. विशेषनामांतही एकवाक्यता नसते : जोतीराव, ज्योतिराव, जोतिबा, ज्योतिबा ही सर्व रूपे प्रचारात आहेत. अशा वेळी शीर्षकात प्रमाण मानलेले एकच रूप घ्यावे आणि दुसरे प्रचलित रूप वर्णनात किंवा पहिल्या परिच्छेदात सहजगत्या यावे. पुष्कळ वाचक मराठी शब्द रोमन लिपीत टंकित करून शोधतात. त्यांच्यासाठी ग्रंथनामाचे किंवा व्यक्तिनामाचे रोमन रूपही पृष्ठावर एकदा असणे हितावह ठरते.

चौथा प्रश्न डोळ्यांस न दिसणाऱ्या भेदांचा. 'दऱ्या' ह्या शब्दातील अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. 'ॲ' हे अक्षर २००८ साली स्वतंत्रपणे समाविष्ट होण्यापूर्वी 'अ'वर चंद्र देऊन साधले जात असे व आजही कित्येक ठिकाणी तसेच साधले जाते. दिसावयास एकच असलेले हे शब्द यंत्राच्या दृष्टीने भिन्न असतात. एका संस्थेच्या सर्व पृष्ठांवर एकच पद्धती पाळणे, एवढे तरी आपल्या हाती आहे.

लांबीचा हिशोबही निराळा पडतो. 'विद्यापीठ' ह्या शब्दात आपण चार अक्षरे मोजतो. यंत्र काना, वेलांटी व हलन्तचिन्ह ही स्वतंत्र धरून नऊ वर्ण मोजते. इंग्रजी शीर्षकांसाठी सांगितलेली ६४ वर्णांची मर्यादा मराठीस जशीच्या तशी लावल्यास सातआठ शब्दांतच ती संपून जाते. तथापि पडद्यावर शीर्षक तोडले जाते ते वर्णांच्या संख्येवरून नव्हे, तर त्याने व्यापलेल्या रुंदीवरून. म्हणून मोजदादीत अडकण्यापेक्षा विशिष्ट शब्द आरंभी ठेवणे अधिक श्रेयस्कर होय.

५. एक उदाहरण

समजा, एखाद्या विभागाच्या पत्रिकेत मावळातील जात्यावरच्या ओव्यांवर लेख प्रसिद्ध झाला आहे आणि त्याच्या पृष्ठाचे शीर्षक पुढीलप्रमाणे आहे :

'मुखपृष्ठ – विद्यापीठ – मानव्यविद्या शाखा – मराठी विभाग – संशोधन पत्रिका – अंक दुसरा – लेख ४'

ह्यात असत्य काही नाही. परंतु हा क्रम संस्थेच्या प्रशासनाचा आहे. शोधणाऱ्याच्या मनातील क्रम नव्हे. यादीत ह्या शीर्षकाचा उत्तरार्ध तुटून जाईल आणि जो पूर्वार्ध उरेल तो विभागाच्या प्रत्येक पृष्ठावर सारखाच असेल. शिवाय ओवी, जाते, मावळ ह्यांपैकी एकही शब्द त्यात नाही. त्याऐवजी पुढील शीर्षक पाहावे :

'जात्यावरची ओवी : मावळातील स्त्रीगीते व श्रमजीवन – संशोधन पत्रिका'

येथे विषय प्रथम, प्रदेश व दृष्टिकोण त्यानंतर आणि पत्रिकेचे नाव शेवटी आले आहे. 'ओवी' हा शब्द मूळ रूपात आहे. 'स्त्रीगीते' ह्या शब्दामुळे त्या संज्ञेने शोधणाऱ्याचीही सोय होते. आता वर्णन :

'मावळ तालुक्यातील स्त्रियांकडून संकलित केलेल्या जात्यावरच्या ओव्यांत माहेर, शेतीकाम व मजुरी ह्यांचे चित्रण कसे येते ह्याचा विचार. दळणाची गाणी गिरणीच्या आगमनानंतर कोणत्या प्रसंगी टिकून राहिली, ह्याचीही चर्चा.'

वर्णनात 'ओव्यांत' हे विभक्तिरूप व 'दळणाची गाणी' हा पर्याय आला आहे. भरताड कोठेही नाही. दोन्ही वाक्ये माणसाने वाचावीत अशीच आहेत. मात्र लेखात गिरणीविषयीची चर्चा नसेल तर दुसरे वाक्य लिहिण्याचा आपणास अधिकार नाही. शीर्षक व वर्णन लेखाशी प्रामाणिक असावे, हा नियम नीतीचा तर आहेच, पण व्यवहाराचाही आहे. फसलेला वाचक पुन्हा त्या संस्थेच्या पृष्ठाकडे फिरकत नाही.

६. विभागांनी करावयाचे काम

ह्या विवेचनावरून काही व्यावहारिक सूचना करता येतात. पहिली गोष्ट, संपूर्ण अंक एकाच पीडीएफ फाइलमध्ये ठेवण्याची पद्धती सोडून द्यावी. दहा लेखांच्या अशा फाइलीस एकच शीर्षक मिळते व दहाही लेख निनावी राहतात. प्रत्येक लेखास स्वतंत्र पृष्ठ, स्वतंत्र शीर्षक व स्वतंत्र फाइल असावी. गूगल स्कॉलरसारख्या विद्वत्‌शोधयंत्राचीही तीच अपेक्षा असून, लेखाचे नाव, लेखकाचे नाव व प्रकाशनाचा दिनांक ह्यांसाठी तेथे स्वतंत्र खुणा मान्य केलेल्या आहेत.

दुसरी गोष्ट, पीडीएफ फाइलीच्या गुणधर्मांतही शीर्षकाची जागा असते. ती बहुधा रिकामी असते, अथवा टंकलेखन-प्रणालीने आपणहून घातलेले फाइलीचे नाव तीत तसेच राहून गेलेले असते. ती जागा भरावी. जुने अंक केवळ छायाचित्ररूपाने ठेविले असल्यास यंत्रास त्यांतून एकही शब्द मिळेलच असा भरवसा नसतो. तेथे लेखाच्या पृष्ठावरील शीर्षक, वर्णन व सारांश हाच शोधाचा मुख्य आधार ठरतो.

तिसरी गोष्ट, विभागाने आपल्या सर्व पृष्ठांची शीर्षके एका तक्त्यात उतरवून काढावीत. एकच शीर्षक किती पृष्ठांवर आहे आणि किती पृष्ठे निव्वळ 'मुखपृष्ठ' म्हणून मिरवीत आहेत, हे त्यावरून एका दृष्टिक्षेपात कळेल. गूगलच्या सर्च कन्सोल ह्या साधनाने वाचक कोणते शब्द घालून आपल्या पृष्ठांपर्यंत पोहोचतात, कोणत्या नोंदी त्यांना दिसल्या आणि त्यांतील किती उघडल्या गेल्या, हे संकेतस्थळाच्या चालकास पाहता येते. पुष्कळदा दिसूनही क्वचितच उघडली जाणारी नोंद म्हणजे शीर्षक किंवा वर्णन तपासून पाहण्याची सूचनाच होय. बदल केल्यानंतर यंत्र ते पृष्ठ पुन्हा वाचीपर्यंत काही दिवस, प्रसंगी काही आठवडे, वाट पाहावी लागते.

हे काम संगणक-तंत्रज्ञावर सर्वस्वी सोपवून चालणार नाही. खूण कोठे घालावयाची हे तंत्रज्ञ जाणतो. परंतु 'स्त्रीगीते' म्हणावे की 'ओवीगीते', ह्याचा निर्णय विषयाच्या जाणकारानेच करावयाचा असतो. लेख स्वीकारतानाच संपादकाने लेखकाकडून दोन वाक्यांचे वर्णन मागून घ्यावे, हा सर्वांत सोपा उपाय.

७. उपसंहार

उत्तम शीर्षकाने सुमार लेखास मोठेपणा येत नाही. पृष्ठाची क्रमवारी ठरविताना अन्य संकेतस्थळांवरून आलेले दुवे, मजकुराचा कस, विषयाशी असलेली जवळीक अशा अनेक गोष्टींचा विचार होतो, आणि शीर्षक हा त्यांतील एक घटक आहे. मे २०२४ पासून तर गूगलने अमेरिकेत यादीच्या आरंभी यंत्रनिर्मित सारांश देण्याचा उपक्रम सुरू केला व तो पुढे भारतातही आला. परंतु अशा सारांशासोबतही आधारभूत पृष्ठांचे दुवे दिलेले असतात, आणि वाचकाने मूळ लेखाकडे वळावे की नाही हे तेथेही त्या पृष्ठाच्या नावावरूनच ठरते.

मराठीत होणारे संशोधन संख्येने आधीच मर्यादित आहे. त्यातील जे महाजालावर आले आहे ते केवळ निनावीपणामुळे उपेक्षित राहावे, ही हानी टाळता येण्यासारखी आहे. त्यासाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही. प्रत्येक लेखामागे एक ओळ व दोन वाक्ये एवढाच हा उद्योग आहे. पुढील अंकापासून त्यास आरंभ करावा आणि सवडीनुसार मागील अंकांकडे वळावे, एवढीच विभागांतील अभ्यासकांस विनंती.